छाती पुढं टाका!

धावपटू पी. टी. उषाला मी कधी भेटले नाही. तरी आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लिहायला बसले आणि आधी तीच आठवली. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात मुली मैदानावर उतरल्या, त्या तिच्यामुळं आणि आमच्या खेळाच्या सरांमुळं.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या बातम्या आल्या, तेव्हा मी आठवीत होते. महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच होती. अंतिम फेरीत चुकीच्या सुरुवातीमुळं सगळ्यांना परत रेषेवर यावं लागलं. उषाची वेळ ५५.४२ सेकंद, तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या कोजोकारूची ५५.४१. सरांनी दोन्ही आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहून आम्हाला वजाबाकी करायला लावली. मग मैदानावर नेऊन दाखवलं, की शेवटच्या रेषेवर पाय मोजत नाहीत, हात मोजत नाहीत, धड मोजतात. "छाती पुढं टाका, पोरींनो!" ही त्यांची हाक पार सडकेपर्यंत ऐकू जायची.

सर पदक हुकल्याची हळहळ मात्र फार करत नसत. ते सांगायचे, ती कुठून आली ते. कोळिकोडजवळचं पय्योली, घरची गरिबी, लहानपणी सतत आजारपण. १९७६ मध्ये केरळ सरकारनं कण्णूरला मुलींसाठी क्रीडा विभाग काढला, तिला महिना २५० रुपये विद्यावेतन मिळालं आणि ओ. एम. नंबियार यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. सराव समुद्राच्या वाळूत. "सोय केली म्हणून उषा सापडली," असं ते हेडसरांनाही ऐकवायचे. मला तर आजही हेच खरं वाटतं.

आमच्याकडं वाळू नव्हती, काळी माती होती. पावसात गुडघाभर चिखल आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा. सरांनी गावातल्या शेतकऱ्यांना गाठून बैलगाड्यांनी मुरूम आणवला, आम्ही तो पसरवला, धुम्मसानं ठोकला, वर फक्कीच्या रेघा मारल्या. अडथळे बांबूचे. पण सगळ्यात मोठा अडथळा घरात होता. माझी आजी म्हणाली, "पोरीच्या जातीनं चड्डीवर पळायचं का?" सर आमच्या ओसरीवर बसून म्हणाले, "आज्जी, सलवार घालून पळू द्या, पण पळू द्या." आजीनं आधी चहा दिला, मग होकार. सर असेच घरोघर फिरले.

पुढच्या वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उषानं पाच सुवर्णपदकं घेतली आणि आमच्या रिलेनं जिल्ह्यात नंबर आणला. १९८६ मध्ये सेऊलच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तिनं आणखी चार सुवर्णं जिंकली, तोवर मी दहावीच्या अभ्यासाला लागले होते. २०२२ मध्ये ती भारतीय ऑलिंपिक संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली, त्या दिवशी आमच्या रिलेतल्या सगळ्याजणींचे एकमेकींना फोन झाले.

परभणीच्याच ज्योती गवतेनं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला नंबर काढून दाखवला. पोरी आपल्याकडं आहेत. म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून कमान उभारण्याआधी मैदानावर नवा मुरूम पडावा आणि मुलींना कपडे बदलायला कडी लागणारी खोली मिळावी, एवढी माझी संस्थेला विनंती आहे. आमच्या रिलेच्या चौघींनी आपला वाटा कार्यालयात जमा केला आहे.