काळ्यावर काळं : एका गौळणीच्या चित्राची नोंद

संक्रांत

यंदा संक्रांतीला आईनं तिची जुनी चंद्रकळा नेसली. एरवी वर्षभर त्या साडीची घडी मोडत नाही. मी आजवर ती काळी कुळकुळीत म्हणूनच पाहत आले. या वेळी आई खिडकीपाशी तिळगूळ वाटत होती आणि साडीवर तिरपं ऊन आलं होतं. निऱ्यांच्या आतला काळा तपकिरीकडे झुकलेला, पदराचा निळसर, आणि घडी पडून पडून जिथं सूत झिजलंय तिथं तर चक्क राखाडी. एका साडीत तीन काळे.

संध्याकाळी तिच्या भजनी मंडळाच्या बायका हळदीकुंकवाला आल्या, टाळ निघाले आणि विष्णुदास नाम्याची गौळण सुरू झाली. ‘रात्र काळी, घागर काळी, यमुनाजळेंही काळी वो माय.’ लहानपणापासून ऐकतेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा ती यादी म्हणून ऐकली. रात्र, घागर, नदीचं पाणी, डोक्यावरून घेतलेली बुंथ (ओढणीसारखं वस्त्र), हातातले बिलवर, गळ्यातली मोत्यांची एकावळी, चोळी आणि गौळण स्वतः. सगळं काळं. (हा नामा म्हणजे संत नामदेव नव्हेत, त्यांच्यानंतरचा कवी. माझाही हा घोटाळा बरीच वर्षं होता.)

आपण जलरंगवाले. कागद पांढरा असतो आणि तोच आपला उजेड. मग जिथं उजेडाला जागाच ठेवलेली नाही ते चित्र रंगवायचं कसं? बायका गेल्या, वाणाची वाटी हातात तशीच होती आणि डोक्यात हे शिरलं ते शिरलंच. नियम एकच ठरवला : चित्रात काळ्याशिवाय काही दिसता कामा नये, आणि तरी यादीतली प्रत्येक वस्तू वेगळी ओळखू आली पाहिजे.

वाया गेलेले तीन कागद

तिन्ही 11 बाय 15 इंच, जाड (300 जीएसएम), कोल्ड प्रेस, म्हणजे खरखरीत पोताचे. किंमत आठवायची नाही असं ठरवलंय.

पहिला थेट ट्यूबमधल्या काळ्यानं. माझ्याकडे दोन होते. आयव्हरी ब्लॅकचं नाव हस्तिदंताचं असलं तरी आता तो हाडांच्या कोळशापासून करतात. पाण्यात पातळ केला की तपकिरी ऊब येते. लॅम्प ब्लॅक म्हणजे काजळी. तो पातळ केला की थंड, निळसर दिसतो. स्वॉचच्या, म्हणजे रंग लावून बघायच्या पट्टीवर दोघं सख्खे शेजारी आणि तरी किती वेगळे! मला वाटलं, काम झालं. पण गडद लावले की दोघांतला फरक पुसला जातो. वाळल्यावर समोर शाळेतली पाटी.

दुसऱ्या कागदावर ट्यूबमधला काळा बंद. अल्ट्रामरिन हा निळा आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी मिसळून काळा केला. हा काळा जिवंत असतो, अल्ट्रामरिनचे दाणे कागदाच्या खळग्यांत बसतात आणि खालून तपकिरी डोकावतो. चित्र सुंदर झालं. आईनं पाहून विचारलं, “पहाट का गं ही?” संपलं. निळं दिसलं म्हणजे नियम मोडला.

तिसऱ्यावर पाच थर चढवले, पाचव्याला खालचे चार सुटून आले. चिखल. त्यावर जास्त बोलत नाही.

मधल्या काळात हात थांबले होते, डोकं नाही. काळ्याला आपल्याकडे अशुभ म्हणतात, हे मला आता अर्धवट वाटायला लागलंय. लग्नघरात काळं चालत नाही, पण लग्नाची खूण असलेल्या मंगळसूत्राचे मणी काळेच. बाळाला तीट काळीच लावतात. जुन्या गावगाड्यात गावाचे दोन भाग : पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. माणूस राहतो पांढरीत आणि जगतो काळीच्या जिवावर. वाईट नजरेपुढे आपण काळं उभं करतो, कारण ते नजरेला पुरून उरतं. गौळणीतला काळा मला त्या जातीचा वाटतो.

वाचनालयातली दुपार

एका शनिवारी सार्वजनिक वाचनालयात जाऊन भरतमुनीचं नाट्यशास्त्र उघडलं. सहाव्या अध्यायात भरतानं प्रत्येक रसाला रंग नेमून दिलाय, एवढं ऐकून माहीत होतं. हास्य पांढरं, रौद्र लाल, वीर गौर, अद्भुत पिवळा. करुणाला कपोत, म्हणजे कबुतराचा रंग. हे वाचून थांबलेच. आपला ‘पारवा’ हाच की! पक्षी तोच, रंगही तोच. जी. ए. कुलकर्णींच्या 1960 सालच्या संग्रहाचं नावही ‘पारवा’. त्यांच्या इतर नावांकडे पाहा : ‘निळासावळा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’, ‘काजळमाया’. या माणसानं पुस्तकांची नावं ठेवली नाहीत, रंगाची पेटीच मांडली.

पण मला हवं होतं ते दुसरंच. ‘श्यामो भवति शृङ्गारः’, शृंगाराचा रंग श्याम. आणि भयानकाचा? कृष्ण. म्हणजे भरताकडे काळोखाचे रंग दोन आहेत, एक प्रेमाचा आणि एक भीतीचा. रोजच्या बोलण्यात आपण श्याम आणि कृष्ण एकाच देवाची नावं म्हणून घेतो, पण रंगांच्या यादीत ते दोन टोकांना बसलेत.

आता गौळण पुन्हा वाचा. ‘एकली पाण्या न वजाय’, एकटीनं पाण्याला जाववत नाही, ही भीती. ‘सवें पाठवा मूर्ति सांवळी’, ही ओढ. आधीचा सगळा काळा कृष्ण, आणि सोबतीला मागितलेला तेवढा श्याम. भरत तिच्या ध्यानीमनीही नसेल, पण माझ्या चित्राचा आराखडा वाचनालयाच्या टेबलावरच ठरला : दोन काळे, एक भीतीचा, एक सोबतीचा.

एक तक्रार मात्र आहे. भरतानं निळा दिलाय बीभत्साला. आणि आपल्याकडे ज्ञानेश्वर ‘निळे हे व्योम, निळे हे सप्रेम’ म्हणतात. निळ्याची बाजू घ्यायला एवढा मोठा वकील असताना मी काय बोलावं?

माघ अमावास्या

काळोख बघायचा तर आमच्या नाशकात गोदाघाटावर सोय नाही. रामकुंडाशी रात्रभर दिवे. म्हणून शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला गेले. त्याचं म्हणणं, “ताई, काही न दिसणारं बघायला पेट्रोल जाळायचं?” गाडीचे दिवे बंद केले, मोबाइल खिशात. डोळे काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटं तरी लागतात, त्याआधी उठायचं नाही.

जे दिसलं त्यानं माझं चित्र उलटंपालटं झालं. मी तीनही कागदांवर पाणी सर्वांत गडद केलं होतं. प्रत्यक्षात पाणी सर्वांत उजळ होतं! चांदण्यांचा जो काही उजेड आभाळात असतो तो पाणी परत देतं, काठ तो गिळून टाकतो. सर्वांत काळा होता काठ, आणि त्याहून काळी आमच्या दोघांची अंगं. भावाच्या अंगातला लाल स्वेटर पार काळा झाला होता. इतक्या कमी उजेडात डोळ्याला रंग कळेनासे होतात आणि लाल आधी बुडतो. म्हणजे रात्री पाण्याला निघालेल्या बाईची चोळी खरोखर कोणत्या रंगाची होती ते तिलाही सांगता आलं नसतं. ‘मी काळी, कांचोळी काळी’ हा अलंकार नाही, साधी पाहणी आहे.

घरी आल्यावर रात्री दीडला व्हॅल्यूचं, म्हणजे नुसत्या उजळ-गडदपणाचं छोटं स्केच केलं, उजळाकडून गडदाकडे : पाणी, मग आभाळ, मग घागर, मग काठ, शेवटी ती.

सहाण

भीतीचा काळा पूर्ण मख्ख, म्हणजे जराही न चकाकणारा हवा होता, ट्यूबमधला नको. म्हणून काजळ धरलं. तिळाच्या तेलाचे दोन दिवे, वर पितळी ताटल्या उपड्या, दोन संध्याकाळी मिळून जेमतेम चमचाभर काजळी. ती पाण्यावर तरंगते, भिजत नाही. दोन थेंब स्पिरिट घातलं की मुकाट बसते. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून, गाळून, त्यात मधाचा थेंब, आणि मग घोटणं. काचेची पाटी नव्हती म्हणून आईची सहाण घेतली. ती कशी संतापली ते लिहीत नाही. “चंदनाची सहाण ती, काजळाची नव्हे!” एवढंच छापण्यासारखं. सहाण अजूनही करडी आहे. मी नवी आणून दिलीय, ती वापरत नाही.

पहिल्या घोटणीत डिंक कमी पडला. रंग अप्रतिम मख्ख, पण बोट लावलं की बोटावर. दुसरीत हात सैल सुटला आणि डिंक जास्त झाला. वाळल्यावर पट्टी लाखेसारखी चकाकली. वैतागून दोन्ही स्वॉच टेबलावर टाकले आणि चहा करायला गेले. परत येताना दारातून पाहिलं तर एक पट्टी राखाडी उजळ दिसत होती आणि दुसरी काळीभोर. जवळ येऊन वरून पाहिलं, दोन्ही सारख्याच काळ्या. काजळ तेच, फरक फक्त डिंकाचा.

हे मी आधी कुठं पाहिलंय ते दुसऱ्या दिवशी काळारामाच्या देवळात कळलं. (आमच्या नाशकात गोऱ्या रामाचंही देऊळ आहे, हे बाहेरगावच्या मंडळींना सांगितलं की हसतात.) देऊळही काळ्या दगडाचं आणि आतला रामही काळा. पण भिंतींचा दगड उजेड पिऊन टाकतो आणि मूर्ती समईचा उजेड नाकाच्या रेषेवर, गालावर झेलते. रांगेत एक पाऊल पुढं सरकलं की ती रेषा जागा बदलते. काळ्याला रंग नसेल, पण पोत असतो. फ्रान्सच्या पिएर सुलाज या चित्रकारानं 1979 पासून पुढची चाळीसेक वर्षं केवळ काळ्या रंगाचे जाड थर ओढून, खरवडून त्यांवरच्या उजेडाची चित्रं केली. ते पुस्तकात छापलेलं पाहून मला कधी कळलं नव्हतं. छापल्यावर कळणारही नाही.

मग चौथा कागद. या वेळी हॉट प्रेस, गुळगुळीत, म्हणजे पोत माझ्या हातात. रात्र, काठ, बुंथ, चोळी कमी डिंकाच्या काजळात. पाण्याला लॅम्प ब्लॅकचा पातळ वॉश, दोनच थर. घागरीच्या काठावर आयव्हरी ब्लॅकची ऊब. एकावळीचा प्रत्येक मोती जास्त डिंकाच्या काजळाचा एक एक थेंब, ब्रशनं नाही, काडीनं ठेवलेला. आणि तिच्या मागे, काठाच्या मख्ख काळ्यातच, चकाकणाऱ्या काळ्यानं एक उभी आकृती. समोरून पाहिलं तर काहीच नाही. कागद खिडकीकडे जरा तिरका केला की सोबतीला कुणीतरी उभं.

गौळणीच्या शेवटच्या ओळीशी मी आधी अडत होते. ‘सांवळी’ म्हणून जी मूर्ती मागितली, तिलाच शेवटी ‘कृष्णमूर्ति बहु काळी’ म्हटलंय. मग सावळी की बहु काळी? माझे दोन काळे तिथं कोलमडत होते. आता तीच आकृती तिरकी पाहिली की सावळी आणि समोरून बहु काळी. हे मी ठरवून केलं असं सांगायला आवडलं असतं.

रंगपंचमी

काम बंद. आमच्याकडे धुळवडीपेक्षा हाच मोठा सण, पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाचे जमिनीतले हौद उघडतात आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी, शनी चौकाची गुलाबी. भावानं शनी चौकाच्या रहाडीत धप्पा, म्हणजे उडी मारली आणि ओल्या हातानं घरी येऊन माझ्या स्वॉचच्या वहीला हात लावला. काळ्यांच्या पानावर आता एक गुलाबी अंगठा आहे. फाडलं नाही ते पान.

आत्ता

चित्र झालंय असं म्हणायला हरकत नाही, चेहरा सोडून. चेहरा काढायचा की नाही यावर आई आणि मी दोन पक्ष आहोत. आईचं मत, डोळे तरी दाखव. मी म्हणते, काळोखात डोळे दाखवले की ती हिंदी सिनेमातली भुताटकी होईल.

खरी अडचण फ्रेमची. काच लावली की काचेचीच चकाकी सगळीकडे, आणि सावळ्या मूर्तीच्या जागी चष्म्यासकट मीच दिसते. काच नाही लावली तर कमी डिंकाचं काजळ बोटाला लागतं. अ‍ॅड राइनहार्ट या अमेरिकन चित्रकाराच्या काळ्या चित्रांबद्दल वाचलं होतं की मख्ख पृष्ठासाठी तो रंगातलं तेल काढून टाकायचा, आणि बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी डाग कायमचा बसतो. तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता पोटात गोळा येतो. फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग धरून ठेवणारा फवारा स्वॉचवर मारून पाहिला : मख्ख आणि चकाकणारं दोन्ही एकसारखं झालं, म्हणजे दीड महिन्याचं काम पाच सेकंदांत पुसलं असतं. सध्या चित्र खोक्यात, वर बटर पेपरही न टेकवता, चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे ठोकळे लावून ठेवलंय. मख्ख रंगावर काच न टेकवता खोल चौकट कुणी करून घेतली असेल तर मधलं अंतर किती ठेवलंत आणि चकाकी न येणारी काच नाशकात कुठे मिळाली, तेवढं सांगा.