दहीभातानं फुटलेली कॅप

खानापूरकडचा टेम्पोवाला. बेळगावची भाजी रोज पहाटे चोर्ला घाटातून गोव्याला नेतो. खालच्या उजव्या पहिल्या दाढेला रूट कॅनॉल करून लिथियम डायसिलिकेटची, म्हणजे काचेच्या जातीच्या सिरॅमिकची, कॅप बसवली, त्याला सात महिने झाले होते. दोन तुकडे कागदाच्या पुडीत बांधून आणले आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, "करदंट नाही, सुपारी नाही, दहीभात खाऊलालो होतो ओ डॉक्टर!"

खोटं बोलत नव्हता. दहीभात फक्त शेवटच्या घासाचा धनी. तडा आधीच आतून चालत आला होता.

तुकडे भिंगाखाली धरले. फूट मधल्या खळग्यातून पुढून मागे सरळ गेलेली, गालाकडची भिंत एका तुकड्यात, जिभेकडची दुसऱ्यात. तुटलेल्या कडेवरच्या बारीक रेषा आतल्या, म्हणजे सिमेंटच्या बाजूकडून पसरलेल्या. गेजने मोजलं तर उंचवट्यांपाशी जाडी १.६ मिमी, खळग्याखाली जेमतेम ०.८. तिथं १.५ हवी होती. कॅपसाठी दाढ घासून तयार करताना उंचवटे उतरवले, मधला भाग तेवढा खोल घेतला नाही. चूक माझीच.

चिनीमातीच्या जातीचा कुठलाही पदार्थ दाब सोसतो, ताण सोसत नाही. खाली पोकळी राहिलेली शहाबादी फरशी आठवा: पाय वर पडतो, चीर खालून सुटते. कॅपचंही तसंच. लिथियम डायसिलिकेट दाढेच्या डेंटिनपेक्षा, म्हणजे इनॅमलखालच्या थरापेक्षा, साधारण पाचपट ताठर असतं. वरून जोर आला की खालचं डेंटिन किंचित दबतं, कॅप वाकते आणि ताण आतल्या पृष्ठभागावर गोळा होतो. असं वाकून तडकायला लागणारा जोर ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे १.५ च्या जागी ०.८ ठेवली तर ताकद निम्मी नव्हे, पावाच्या थोडी वर उरते. त्यात ही कॅप साध्या ग्लास आयोनोमर सिमेंटवर बसलेली; रेझिनने नीट चिकटवली असती तर थोडा आधार मिळाला असता.

पण बारीक कॅपसुद्धा वर्षानुवर्षं टिकलेल्या पाहिल्या आहेत. म्हणून चावा तपासला. रुग्ण सरळ बसलेला, भूल नाही. आधी दातांवर रंग उमटवणारा लाल कागद ठेवून जबडा डावीकडे, उजवीकडे, पुढे सरकवला, मग निळ्या कागदावर नुसतं टकटक चावायला लावलं. कागद चाळीस मायक्रॉनचा नको, बारा-पंधराचा घ्यावा; जाड कागद नसलेले ठिपकेही दाखवतो. मोठा गडद डाग म्हणजे मोठा जोर, हाही भ्रम. भोवती कडं आणि मध्ये फिकट, असा ठिपका दिसला की तिथं संशय घ्यावा.

जबडा डावीकडे नेला की उजव्या दाढा सुटायला हव्यात. इथं वरच्या पहिल्या दाढेचा टाळूकडचा उंचवटा लोंबलेला होता. खालची दाढ बरेच दिवस किडून अर्धी झाली होती, तेवढ्यात वरची उतरली. तो उंचवटा खळग्यात पाचरीसारखा बसायचा आणि जबडा डावीकडे सरकताना गालाकडच्या उंचवट्याच्या आतल्या उतारावर घासायचा. सरळ दाबाऐवजी दोन भिंती फाकवणारा तिरका जोर. घाटाच्या वळणांवर स्टिअरिंग धरून दात आवळायची सवय, म्हणजे हे दिवसात शेकडो वेळा.

हे बसवतानाच का दिसलं नाही? खालच्या जबड्याला भूल दिलेली, खुर्ची आडवी. "बरोबर वाटतंय" या शब्दावर कॅप पक्की केली. बधिर जबड्याला उंची कळत नाही, आणि आडवं झाल्यावर जबडा मागे जातो.

दुसऱ्या खेपेस क्रम बदलला. दाढ घासण्याआधीच आठ मायक्रॉनची पन्नी चिमट्यात धरून आजूबाजूच्या कुठल्या दाढा तिला पकडतात ते लिहून ठेवलं. रुग्णाला समजावून वरचा उंचवटा अर्धा मिमी उतरवला, पॉलिश केला, फ्लोराइड लावलं. खळगा खोल घेतला, आतले कोपरे गोल केले. कॅप यावेळी अखंड झिरकोनियाची (हेही सिरॅमिकच, पण जास्त मजबूत), जुन्या कडक प्रकारची. पारदर्शक झिरकोनिया दिसायला छान, पण ताकद बरीच कमी. लॅबला लिहून दिलं: उंचवटे बुटके, खळगा रुंद. तरी बसवताना थोडं घासावं लागलंच. बारीक डायमंड, पाण्याचा फवारा आणि नंतर रबरने तीन टप्प्यांत पॉलिश. खरखरीत सोडलेला झिरकोनिया समोरच्या दाताला कानशीसारखा खातो.

रात्री दातांवर बसवायला कडक ॲक्रिलिकची पट्टी दिली. गाडीत मात्र एकच सांगणं: ओठ मिटलेले, दात सुटे.

पंधरा दिवसांनी पाहिलं. टकटक चावल्यावर पन्नी शेजारच्या दाढांइतकीच धरते, डावीकडे सरकताच सुटते. आता लाल रेघ मागच्या, दुसऱ्या दाढेवर उमटू लागली आहे. तिचं पुढच्या खेपेला.