रक्ताची आंघोळ साक्षींत नाही

२१ ऑगस्ट, रात्री

१६१४ साली आजच्याच तारखेला एलिझाबेथ बाथोरी, मुलींच्या छळासाठी आणि खुनांसाठी कुप्रसिद्ध झालेली सरदारीण, चाख्तित्सेच्या किल्ल्यात कैदेत मेली. तेव्हाचा हंगेरी, आताचा स्लोव्हाकिया. त्या निमित्तानं आज व्हेनम, क्रेडल ऑफ फिल्थ, कॅमेलॉट आणि घोस्ट या मेटल बँडांची तिच्यावरची गाणी शब्द समोर ठेवून लावली. व्हेनमपासूनच सरदारीण तारुण्य टिकवायला मुलींच्या रक्तात उतरते आणि पुढच्या गाण्यांतही ही कल्पना तिची पाठ सोडत नाही. १६१०-११ मध्ये तिच्याविरुद्धच्या चौकशीत घेतलेल्या साक्षींत मात्र ही कल्पना कुठेच सापडत नाही.

साक्षींत जे आहे ते कमी भयंकर नाही. चाबकानं, काठीनं मरेस्तोवर मारहाण, नखांखाली सुया, उपासमार, तापलेल्या लोखंडाचे चटके, भर थंडीत अंगावर गार पाणी ओतून मुलीला बाहेर उभं करणं. हे सगळं कशासाठी, तर शिवण चुकलं, काम वेळेत झालं नाही, एवढ्यावरून. साक्षीदार तीनशेच्या आसपास, पण बरेचसे ऐकीव सांगणारे. २९ डिसेंबर १६१० ला राजाचा सर्वोच्च प्रतिनिधी ग्यॉर्गी थुर्झो याची धाड पडली. जानेवारीत बित्चा या गावी तिच्या नोकरांवर खटला चालला. दोघी बायकांना जाळलं, फिच्को नावाच्या गड्याचं डोकं उडवलं. तिच्यावर स्वतःवर खटला कधीच उभा राहिला नाही.

आंघोळीची गोष्ट पहिल्यांदा छापली गेली ती १७२९ मध्ये, लास्लो तुरोत्सी या जेझुइट पाद्र्याच्या लॅटिन पुस्तकात. म्हणजे ती मेल्यावर ११५ वर्षांनी. साक्षी छापून बाहेर आल्या १८१७ ला. मधली जवळजवळ नव्वद वर्षं वाचकाच्या हाती फक्त दंतकथा होती, पडताळायला छापील कागद नव्हता. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी वाचकाला नव्यानं सांगायची गरज नाही. इथंही तोच मामला आहे.

दंतकथा का टिकली, याचं उत्तर गाणं लिहिणाऱ्याच्या गरजेत आहे. साक्षींत क्रौर्य आहे, पण त्याला हेतू नाही, आणि हेतू नसलेल्या माणसावर चार मिनिटांचं गाणं रचणं फार अवघड. सौंदर्याचा हव्यास हा आयता हेतू मिळतो, शिवाय आरसा, रक्त, म्हातारपण ही चित्रंही आपसूक येतात. त्यामुळे या गाण्यांचा अर्थ लावताना पहिला प्रश्न एवढाच धरायचा: कवीनं कोणत्या थरातून उचललंय?

माझी पद्धत साधी आहे. शब्द कागदावर उतरवायचे, दोन ओळींत भरपूर जागा सोडायची. पहिल्या वाचनात फक्त बोलणारा कोण ते लिहायचं: ‘मी’, ‘तू’ की ‘ती’. दुसऱ्या वाचनात प्रत्येक ठोस दाव्याखाली रेघ मारायची. साक्षींतला असेल तर काळी, १७२९ नंतरच्या दंतकथेतला असेल तर लाल, आणि सिनेमाशी जुळणारा असेल तर निळी. सिनेमा म्हणजे १९७१ चा ‘काउंटेस ड्रॅक्युला’. त्यात इन्ग्रिड पिट रक्त लावून तरुण होते आणि असर उतरला की आधीपेक्षा भयाण दिसते. शब्द मात्र शक्यतो सीडीसोबतच्या पुस्तिकेतून घ्यावेत. घोगऱ्या किंचाळीतून कुणीतरी कानानं उतरवलेले शब्द बरेचदा चुकीचे असतात, आणि चुकीच्या शब्दाचा कितीही सखोल अर्थ काढला तरी तो फुकटच.

व्हेनमचं ‘काउंटेस बाथोरी’, १९८२, ‘ब्लॅक मेटल’ या अल्बमवरचं. बोलणारा निवेदक, ती तृतीयपुरुषी. पान बहुतेक लाल-निळं होतं: मध्यरात्रीचं स्नान, सोलवटणारी कातडी. पण सुरुवातीलाच एक चक्क काळी रेघ आहे. खानदानी आयुष्याचं आमिष दाखवून मुलींना किल्ल्यात बोलावलं जातं. हे साक्षींशी जुळतं. शेवटच्या वर्षांत चांगल्या रीतीभाती शिकवायच्या नावाखाली छोट्या उमरावांच्या मुली तिच्याकडे ठेवल्या जात होत्या. शेतकऱ्यांच्या पोरी मेल्या तोवर वरच्या लोकांनी फारशी हालचाल केली नव्हती. उमरावांच्या मुली मरायला लागल्या तेव्हा चौकशीची चक्रं फिरली. व्हेनमला हा वर्गभेद ठाऊक होता असं मी म्हणणार नाही. गाण्यात तर आमंत्रण शेतकऱ्यांनाच आहे. पण मेजवानीचं आमिष आणि रात्री द्यावी लागणारी किंमत ही जोडी नेमकी बसली आहे.

त्याच गाण्याच्या शेवटी ती वयानं लुळी पडलेली, मरणाला कवटाळणारी म्हातारी होते. जन्म १५६०, मृत्यू १६१४. चोपन्न वर्षांची होती. मरणाच्या आदल्या संध्याकाळी तिनं पहारेकऱ्याला ‘हात बघ किती गार पडलेत’ म्हटलं, त्यानं ‘काही नाही, जाऊन झोपा’ म्हणून वाटेला लावलं, असं त्या वेळच्या पत्रात आहे. या चारांपैकी एकाही गाण्यात हे आलेलं नाही. साहजिक आहे म्हणा, गार हातांवर गिटारची रिफ बसत नाही.

२२ ऑगस्ट

क्रेडल ऑफ फिल्थचा ‘क्रुएल्टी अँड द बीस्ट’ (१९९८) हा अख्खा अल्बम तिच्यावर. यात निळा थर लपवलेलाच नाही, कारण सरदारीणीचं निवेदन खुद्द इन्ग्रिड पिटच्या आवाजात आहे. म्हणजे ही सिनेमातली बाथोरी आहे हे बँडनं उघड मान्य केलंय, तिला इतिहासाच्या तराजूत तोलायचं कारण नाही. शब्द जुनाट इंग्रजीत आणि विशेषणांनी खच्चून भरलेले. इथं प्रत्येक वाक्यातला कर्ता आणि क्रियापद आधी शोधायचं, विशेषणं नंतर. तसं केलं की अर्ध्याहून जास्त गूढ विरघळतं, आणि उरतं ते बहुधा साधं कथानक असतं. ‘बाथोरी आरिया’ अकराएक मिनिटांचं आहे, तिथं घाई करू नये. मूळ ध्वनिमुद्रणात ड्रम टाइपरायटरसारखे टकटकतात आणि शब्द त्याखाली गाडले जातात. २०१९ ला केलेलं नवं मिक्सिंग अर्थ लावायला सोयीचं.

कॅमेलॉटच्या ‘कर्मा’ (२००१) मध्ये तीन भागांची मालिका आहे: आरसा, निष्पापांसाठी शोकगीत, अधःपतन. इथं ‘मी’ म्हणून तीच बोलते, आणि धोका इथंच आहे. गळा गोड, सूर चढता, त्यामुळे ऐकणारा नकळत तिच्या बाजूला सरकतो. मेलेल्या मुलींना मात्र बोलायला जागा नाही. शोकगीत त्यांच्या नावानं आणि सूत्रं तिच्या हातात!

घोस्टचं ‘एलिझाबेथ’ (२०१०) मला सगळ्यांत सरळ वाटतं. त्यात सैतानाशी करार, माणसांचा तिरस्कार, रक्ताची हाव अशी यादी देऊन ती ‘आपल्यातलीच’ असं ठरवलंय. साक्षींत मंत्रतंत्राचे उल्लेख येतात, पण भर मारहाणीवर आणि खुनांवर आहे. करार हा घोस्टचा पदरचा. तरी त्यांनी इतिहास सांगतोय असा आवच आणलेला नाही. गाणारा एका पंथाचा पुरोहित आहे आणि पुरोहित नव्या संताची ओळख करून देतोय. तसं वाचलं की प्रत्येक अतिशयोक्ती जागेवर बसते.

६५० बळी हा आकडा तिच्याबद्दलच्या लेखांत हमखास भेटतो. त्याचा उगम एका साक्षीदारीणीत आहे: बाईंच्या स्वतःच्या हातची यादी कुणीतरी पाहिली, असं तिनं सांगितलं. ती यादी कधी मिळाली नाही. छळ करून कबुलीजबाब घेतलेल्या नोकरांचे आकडे तिशी-पन्नाशीतले. उलट टोकाला जाऊन ती निव्वळ बळी होती असं म्हणणारेही आहेत, कारण राजा दुसरा मात्याश याच्यावर तिच्या नवऱ्याच्या घराण्याचं मोठं कर्ज होतं. कर्ज खरं. पण थुर्झोनं धाडीनंतर बायकोला लिहिलेल्या पत्रात घरात एक मुलगी मेलेली आणि एक मरणपंथाला लागलेली सापडल्याचं लिहिलंय, त्याचं काय करायचं?

शेवटी एक फसवं गाणं. सन ओ या बँडच्या ‘ब्लॅक वन’ (२००५) वर ‘बाथोरी एर्जेबेट’ नावाचा पंधरा मिनिटांहून लांब तुकडा आहे. नाव हंगेरियन पद्धतीनं, आडनाव आधी. साहजिकच लोक त्यात सरदारीण शोधत बसतात. ती तिथं फारशी नाही. त्यात स्वीडनच्या ‘बाथोरी’ या बँडच्या ‘अ फाइन डे टू डाय’ मधला भाग घेतलाय, म्हणजे नमस्कार त्या बँडला आहे. गायकाला शववाहिनीतल्या शवपेटीत कोंडून आवाज ध्वनिमुद्रित केला होता. श्वास कोंडल्याचा तो आवाज सरदारीणीला भिंतीत चिणल्याच्या दंतकथेशी जुळतो खरा, पण शब्दांखाली रेघा मारायला गेलं तर पान जवळजवळ कोरंच राहतं.