फी माफीचा अर्ज

शाळेत फी न भरलेल्यांची नावं वर्गात मोठ्याने वाचायचे. माझं नाव कधी चुकलं नाही. मी नऊ वर्षांची असताना वडील गेले, आई चार घरची धुणीभांडी करायची. नाव आलं की उभं राहायचं आणि "उद्या आणते" म्हणायचं. वर्गात बाकीच्यांना ते माझ्याआधीच पाठ झालं होतं.

अमेरिकेत पीएचडीला अर्ज करताना मी आठ विद्यापीठं निवडली आणि तिथेच अडले. प्रत्येक अर्जाला वेगळी फी, तीही परत न मिळणारी. माझ्याकडे दोन अर्जांपुरते पैसे होते. गरजू अर्जदाराला काही विद्यापीठं फी माफ करतात, फक्त मागावी लागते, असं एका सीनियरने सांगितलं. 'फक्त' म्हणे! चार ओळींचा तो ईमेल लिहायला मला अकरा दिवस लागले. सहा ठिकाणी पाठवला. तिघांनी माफ केली, दोघांनी परदेशी विद्यार्थ्यांना सवलत नाही म्हणून कळवलं, एकाचं उत्तरच नाही. म्हणजे पाच अर्ज झाले. टोफेलचे, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचे, गुण परीक्षेआधीच नावं दिली तर चार विद्यापीठांना फुकट जातात, तेही वेळेत कळलं म्हणून वाचले.

एसओपीचा, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निवेदनाचा, पहिला खर्डा म्हणजे दोन पानांची करुणकथा होती. आमच्या सरांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "वाचून रडतील गं, पण लॅबमध्ये घेतील का?" लाल पेनाने सगळं खोडून त्यांनी एकच वाक्य ठेवलं: आईचा हात मोडला तेव्हा तिची चार घरं मी केली, म्हणून तिसऱ्या सत्रात मार्क घसरले. घसरलेल्या मार्कांचं कारण द्यायलाच हवं होतं, तेवढंच राहिलं. उरलेल्या जागेत कॉलेजातल्या वर्षभर बंद पडलेल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरबद्दल, म्हणजे द्रावणात किती प्रकाश शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्राबद्दल, लिहिलं. त्याचा दिवा बदलून, कॅलिब्रेशन करून मी माझा प्रोजेक्ट त्यावरच केला होता. मुलाखतीत प्राध्यापकांनी वीस मिनिटं त्या दिव्याबद्दलच विचारलं. आईच्या हाताबद्दल कुणी विचारलं नाही. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू?

एका ठिकाणी टीचिंग असिस्टंटशिपसह, म्हणजे तिथे शिकवण्याच्या कामासह, प्रवेश मिळाला. शिकवणी शुल्क माफ, वर दरमहा मानधन. मग आय-२० आला, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद. त्यात वर्षाचा खर्च आणि तो कुठून भागणार हे लिहिलेलं असतं. विद्यापीठाच्या रकान्यात सगळी रक्कम, माझ्या स्वतःच्या रकान्यात शून्य. ते शून्य घेऊन व्हिसाच्या खिडकीपाशी उभी राहिले. पैसे कोण भरणार, या प्रश्नाला तोंडातून "उद्या आणते" निघतंय की काय अशी भीती. "विद्यापीठ. मी तिथे शिकवणार आहे," म्हणाले. पुढचे प्रश्न संशोधनाचे होते.

एक गोष्ट मात्र मला आधी कुणीच सांगितली नव्हती. पहिलं मानधन पोचल्या पोचल्या हातात पडत नाही. खोलीचं डिपॉझिट मात्र आधी लागतं, आणि तिकिटासाठी तर मी सरांकडून उसने घेतले होते. विभागाला आगाऊ रक्कम मागणारा ईमेल मी विमानतळावर बसूनच लिहिला. बोर्डिंग सुरू व्हायच्या आत पाठवलाही. मिळाली, तीन हप्त्यांत कापून घेतली.