निकालाच्या आधी तारीख बघा

मी विधी महाविद्यालयात राज्यघटना शिकवते एवढं कळलं, की लग्नाची पंगत असो नाहीतर रेल्वेचा डबा, पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘खरं सांगा मॅडम, न्यायाधीशही शेवटी राजकारणच करतात ना?’ विचारणाऱ्याचा पक्ष बहुतेक वेळा सुरावरूनच ओळखू येतो. अलीकडचा निकाल त्याच्या मनासारखा लागलेला असेल, तर हा प्रश्न निघतच नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. निकाल कुणाच्या बाजूने लागला हे सगळेच बघतात. तो कधी लागला, हे आधी बघा. न्यायालयाचं राजकारणाशी असलेलं नातं मला तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

दूर जायला नको, आपल्याच राज्याचं बघू. २३ नोव्हेंबर २०१९ चा तो ‘पहाटेचा शपथविधी’ आठवतो ना? दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी घेतली. २६ तारखेला, म्हणजे नेमकी संविधान दिनाला, आदेश आला: उद्या संध्याकाळी पाचपर्यंत बहुमत चाचणी, गुप्त मतदान नाही, कामकाजाचं थेट प्रक्षेपण. चाचणीची वेळच आली नाही. त्या पहाटे शपथ घेतलेल्या अजित पवार आणि देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी राजीनामे दिले. न्यायालयाने सरकार पाडलं नाही, फक्त घोडेबाजाराला वेळ ठेवला नाही.

आता जून २०२२. शिवसेनेत बंड झालं, विधानसभा उपाध्यक्षांनी बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. २७ जूनला न्यायालयाने उत्तर द्यायची मुदत १२ जुलैपर्यंत वाढवून दिली. २९ जूनला बहुमत चाचणी थांबवायला मात्र नकार दिला. म्हणजे अपात्रतेचा प्रश्न मागे राहिला आणि मतदान पुढे आलं. त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. घटनापीठाचा निकाल ११ मे २०२३ ला आला. त्यात म्हटलं होतं, की बहुमत चाचणी घ्यायला सांगण्याइतका आधार राज्यपालांकडे नव्हता आणि शिंदे गटाच्या प्रतोदाला, म्हणजे आमदारांना पक्षादेश बजावणाऱ्याला, विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे जुनं सरकार परत आणता येणार नाही. अपात्रतेचं काय? ते अध्यक्षांनी ‘वाजवी मुदतीत’ ठरवावं. पुढे न्यायालयालाच मुदत घालून द्यावी लागली. अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला. दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. त्याला आव्हान दिलं गेलं आणि ते सर्वोच्च न्यायालयात असतानाच विधानसभेची मुदत संपली, नव्या निवडणुकाही झाल्या.

यातला कोणता पक्ष बरोबर, हे मी सांगत नाही. पण पक्षांची अदलाबदल करून बघा, माझं म्हणणं तसंच राहील. २०१६ मध्ये अरुणाचल प्रदेशात याच न्यायालयाने घड्याळाचे काटे मागे फिरवून पडलेलं सरकार पुन्हा बसवलं होतं. तिथे निकाल सात महिन्यांच्या आत लागला होता.

न्यायालय थांबतं तेव्हा फायदा खुर्चीवर बसलेल्याचा होतो. न्यायाधीशांच्या मनात तसं असो वा नसो, परिणाम तोच. नोटाबंदी नोव्हेंबर २०१६ मधली, निकाल जानेवारी २०२३ मधला. सरकारच्या विरुद्ध लागला असता तरी त्या रांगांमधला एकही माणूस परत घरी पाठवता आला नसता. निवडणूक रोखे, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी द्यायची सोय, १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरले. तो निकाल धाडसाचा होता, मी तो वर्गात आवर्जून शिकवते. पण रोखे २०१८ पासून विकले जात होते आणि दरम्यान लोकसभेची एक अख्खी निवडणूक होऊन गेली होती.

लोक मला आणीबाणीचं उदाहरण देतात. द्यायलाच हवं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. पाच न्यायाधीशांपैकी एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले आणि पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं. तो निकाल भयंकरच होता. तरी तो कागदावर होता. त्याला खन्नांचं भिन्नमत जोडलेलं होतं, पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांनी तो वाचून त्यावर टीका केली आणि २०१७ मध्ये न्यायालयाने तो स्वतःच्या तोंडाने चुकीचा ठरवला. न लागलेल्या निकालाला भिन्नमत कुठे जोडणार? त्यावर फेरविचार तरी कशाचा मागणार?

म्हणूनच कोणतं प्रकरण कोणत्या पीठापुढे आणि कधी लावायचं, हा अधिकार मला एवढा मोठा वाटतो. तो सरन्यायाधीशांचा आहे. १२ जानेवारी २०१८ ला चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार या वाटपाबद्दलचीच होती. त्या दिवशी टीव्हीवर भांडणाची चर्चा झाली, वाटपाचे नियम लिहून काढायची फारशी झाली नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

मला काय हवं आहे, तेही सांगते. ज्या खटल्यावर सरकारचं किंवा सभागृहाचं अस्तित्व अवलंबून आहे, तो ठरावीक दिवसांत ऐकलाच पाहिजे, असा लेखी नियम हवा. न्यायाधीश कोण, सरकार कुणाचं, हे न बघता लागू होणारा. आणि अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांकडून काढून घ्यायला हवा. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयानेच म्हटलं होतं, की अध्यक्षांनी साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा आणि संसदेने कायमस्वरूपी न्यायाधिकरणाचा विचार करावा. पक्षाच्या बळावर अध्यक्ष झालेल्या माणसाने त्याच पक्षाच्या भांडणात न्याय द्यावा, ही अपेक्षाच मला त्याच्यावर अन्याय करणारी वाटते.

तोपर्यंत विद्यार्थ्यांना मी एक काम लावते. कुठल्याही मोठ्या निकालाचं टिपण काढताना वर तीन तारखा लिहायच्या: याचिका कधी दाखल झाली, पहिली सुनावणी कधी झाली, निकाल कधी लागला. आणि मधल्या काळात सत्तेवर कोण होतं, तेही.