भावनगरची ओहोटी आणि गाळाचे थर

सुरतजवळच्या हजीराहून भावनगरजवळच्या घोघ्याला जाणाऱ्या बोटीतून खंभातच्या आखाताचं पाणी बघितलं की मालवणच्या निळ्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा धक्काच बसतो. जिकडे बघाल तिकडे मातकट पाणी. डेकवर बरेच जण "किती घाण पाणी आहे" म्हणत होते आणि मला ते ऐकवत नव्हतं, कारण ती घाण नाहीये हो, नर्मदा, तापी, मही, साबरमतीने आणून ओतलेली माती आहे, आणि इथली भरती-ओहोटी तिला धड खाली बसूच देत नाही.

हे आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं, त्यामुळे आत घुसणारं पाणी दोन्ही बाजूंनी दाबलं जातं आणि वर चढतं. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीत पाचेक मीटरचा फरक असतो, भावनगरला तो दहाच्या आसपास जातो! एवढं पाणी सहा तासांत आत आणि सहा तासांत बाहेर, म्हणजे प्रवाहाला काय ओढ असेल विचार करा.

भावनगरातला दिवस गाठिये खाण्यात गेला. लॉज कळकट होता, पण माणसं फार अगत्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावनगरजवळचं कोळियाक. निष्कलंक महादेवाचं स्थान इथे भर समुद्रात आहे, किलोमीटरभर आत, पांडवांनी स्थापलेली म्हणतात ती पाच शिवलिंगं. भरतीत सगळं पाण्याखाली, वर दिसतो तो फक्त ध्वजाचा खांब. अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे ऐन उधाण. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, ते गणित इथे चालत नाही, कारण भरतीला आखातातून वर पोचायलाच काही तास लागतात. प्रसादवाल्या काकांना विचारलं, तर हात दाखवून म्हणाले, "बस, अभी खुलेगा." आणि खरंच बघता बघता पाणी मागे हटलं आणि सगळी गर्दी चिखल तुडवत निघाली.

दर्शन झालं, छान झालं. पण मी ज्यासाठी हे लिहायला बसलोय ते परत येताना दिसलं, गर्दीपासून जरा बाजूला एका ओहळाच्या काठावर. ओहोटीच्या पाण्याने काठ सुरीने कापावा तसा उभा कापला होता आणि त्यात थरच थर, अगदी आपल्या सात कप्प्यांच्या घावनासारखे, फक्त सातावर न थांबलेले. फिका थर बोटांत चोळला तर कचकच लागत होता, बारीक वाळू. त्यावरचा काळपट थर मात्र लोण्याइतका गुळगुळीत.

प्रवाह जोरात असतो तेव्हा वाळू सरकत येते आणि पसरते. मग भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थबकतं, ना आत ना बाहेर, तेवढ्यात तरंगणारी माती खाली बसते. नदीच्या गोड्या पाण्यातले चिकणमातीचे कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून जड होतात, म्हणून तेवढा वेळ पुरतो. एकदा बसलेली चिकणमाती मग ओहोटीला सगळीच्या सगळी उचलता येत नाही. झाली जोडी तयार, वाळू आणि माती. उधाणाला या जोड्या जाड, भांगाला म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला बारीक, परत जाड. म्हणजे काठावर पंधरवडे मोजता येतात! दक्षिण ऑस्ट्रेलियात असेच थर दगड होऊन राहिलेत, ते मोजून अभ्यासकांनी काढलं की साधारण 62 कोटी वर्षांपूर्वी दिवस जेमतेम 22 तासांचा होता. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो, बायको हाका मारत होती तरी.

आणि त्याच काठात, वरून चार-पाच थर खाली, गुटख्याची पुडी. वर व्यवस्थित वाळू-माती चढलेली. फार वाईट वाटलं आणि संतापही आला. देवाला फूल वाहायला दोन तास थांबता, मग रिकामी पुडी खिशात घालायला काय होतं?

हा गाळ माणसाच्या सोयीने वागत नाही. खंभात एकेकाळी केवढं नावाजलेलं बंदर, गाळाने ते संपलं. 2017 ला वाजतगाजत सुरू झालेली घोघा-दहेज फेरी दहेजच्या बाजूला गाळ साचून बंद पडली, 2020 पासून हजीराला जाते ती म्हणूनच. प्रवाह जिथे मंदावतो तिथे माती बसणार, मग ती जेट्टी असो की आणखी काही, आणि उपसलेली जागा पुढची उधाणं पुन्हा भरत राहणार.

जाणार असाल तर अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस धरा, वेळ तिथल्याच माणसांना विचारा आणि ते "चला" म्हणाले की सेल्फी सोडून निघा, पाणी परत येताना थांबत नाही. चिखलात चप्पल रुतते, अनवाणी चालणं बरं. आणि दर्शन झाल्यावर तो काठ नक्की बघा.