घड्याळ चालू, शेगडी थंड

रविवारी सकाळी शिकागोत पाटोडी रस्सा करायला घेतला होता. चार माणसं जेवायला येणार. वड्या थापून झालेल्या, रश्श्याला नुकती तर्री सुटायला लागलेली, आणि भांड्यातली रटरट एकदम थांबली. बटण पुरतं फिरवलं तरी कॉइल काळीच. बाकीच्या तिन्हींचं तेच. ओव्हन लावला, आतला दिवा लागला, पण दहा मिनिटांनीही आत गारच. समोरचं घड्याळ मात्र ऐटीत ११:०७ दाखवत होतं.

नागपुरात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

“चारही कॉइल एकदम कशा जातील?” बाबा म्हणाले. “घड्याळ सुरू आहे ना? मग एक फेज गेला असन.”

नागपुरातल्या महाल भागात आमच्या घरी थ्री-फेज मीटर, म्हणजे वीज तीन लाइनींनी यायची; त्यातली एकेक लाइन म्हणजे फेज. मे महिन्यात एखादा फेज हमखास जायचा. कूलर बंद, पण स्वयंपाकघरातला बल्ब लख्ख. मग बाबा टेस्टर तोंडात धरून, स्टुलावर चढून, किटकॅट, म्हणजे तार भरलेला फ्यूजचा ठोकळा, इकडचा तिकडे करायचे. त्या गोंधळाचा इथे काय संबंध, असं मला वाटलं. पण संबंध होता.

इथे घरातल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्टच मिळतात. शेगडीला तेवढे पुरत नाहीत, म्हणून तिला १२० च्या दोन लाइन देतात आणि दोन्हींमध्ये मिळून २४० होतात. कॉइल आणि ओव्हन त्या २४० वर तापतात. घड्याळ आणि दिवा एकाच लाइनवर, न्यूट्रलच्या जोडीने चालतात. त्यामुळे एक लाइन गेली की शेगडी जिवंत दिसते, पण तापत नाही.

“एका हातानं टाळी वाजते का?” इति बाबा. मग लगेच दटावणी, “पण तू डबा उघडू नको. तिथं कोणाला तरी बोलव.” हे स्टुलावरचा माणूस सांगत होता!

रस्सा शेवटी इलेक्ट्रिक कुकरमध्ये ओतला. तो साध्या सॉकेटवर चालतो. तर्री जरा फिकी पडली, पाहुण्यांना कळलं नाही, मला कळलं.

इमारत जुनी, त्यामुळे एमसीबी नाही, फ्यूजचाच डबा. सोमवारी देखभालीचा माणूस आला. त्याने शेगडीचा काळा ठोकळा खेचून काढला. आत फ्यूजच्या बोटाएवढ्या दोन नळकांड्या, प्रत्येक लाइनला एक. मीटर लावला, एक वाजली, दुसरी गप्प. नवी बसवली, जुनी कचऱ्यात टाकली, पाच मिनिटांत गेला.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. निदान बरोबर निघालं म्हणून खूश होतील असं वाटलं होतं.

“फेकून दिली?” बाबा म्हणाले. “काहून? तार नाही भरता आली त्याले?”